गावपळणीतली हिरवी बत्ती

बाईंनी जन्मात एकदाच गावपळणीच्या दिवसांत गावात बत्ती जळती ठेवली, आणि ती माझ्या सांगण्यावरून. एवढं एक वाक्य तोंडातून काढायला मला तीन वर्षं लागली. म्हणून आता पहिल्यापासून सांगतो.

बाई म्हणजे माझ्या प्राथमिक शाळेतल्या बाई. मसुऱ्याकडच्या आमच्या शाळेत त्यांनी मला दुसरी ते चौथी शिकवलं आणि माझे कानही भरपूर पिळले. निवृत्त झाल्यावर त्या खाडीपलीकडच्या आपल्या सासरच्या गावी राहायला गेल्या आणि तिथलं वाचनालय सांभाळू लागल्या. त्यांना एक नाद होता. टेपरेकॉर्डर पिशवीत घालून त्या म्हाताऱ्या बायकांच्या पडवीत जाऊन बसायच्या. लग्नातली गाणी, फुगडीची गाणी, जात्यावरच्या ओव्या, मासे विकायच्या हाळ्या, जे मिळेल ते भरून घ्यायच्या. वीस वर्षांत दीडशेच्या वर कॅसेटी झाल्या. प्रत्येकीवर वळणदार अक्षरात लेबल असे. कोण, कुठली, वय किती, आणि खाली बारीक अक्षरात शेरा: ‘दात नाहीत’, ‘मध्येच दम लागतो’, ‘नातू रडतो आहे’. आमच्या प्रगतिपुस्तकांवरही त्या असेच शेरे मारायच्या.

त्यातली एक कॅसेट एका मासेवालीची होती. ती कितीतरी वर्षं बाईंच्या दारात पाटी उतरवायची, तांब्याभर पाणी प्यायची आणि पाणी पिऊन झालं की आपणहून काहीतरी म्हणायची. ती वारल्यावर तिची मुलगी मालवणच्या बाजारात आईच्या जागेवर बसू लागली. ही मुलगी दर वर्षी पितृपक्षात, आईचा म्हाळ आटोपला की, संध्याकाळी बाईंकडे यायची आणि पडवीच्या कट्ट्यावर बसून ती कॅसेट ऐकायची. घरात आईचा फोटो नव्हता, कोणी कधी काढलाच नव्हता. आई म्हणून जे काही उरलं होतं ते त्या कॅसेटच्या एका बाजूवर होतं. बाईंनी मला हे मुद्दाम सांगितलं होतं, म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मी तेव्हा तिशीतला होतो. मुंबईत हार्डवेअरचा कोर्स करून, दोन वर्षं एका कंपनीत खुर्च्यांखाली वायरी ओढून परत आलो होतो आणि कसालला हायवेला लागून दुकान टाकलं होतं. पंचक्रोशीत कोणाचा कॉम्प्युटर बसला की मला बोलावणं यायचं. मी जायचो, पंखा साफ करायचो, आणि लोकांना कळणार नाहीत असे चार शब्द फेकायचो. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, तसा माझा खळखळाट कणकवलीपर्यंत ऐकू जात होता.

दोन हजार पाच सालच्या मे महिन्यात गावच्या मुंबईकर मंडळाने वाचनालयाला एक सर्व्हर पाठवला. मंडळातल्या एकाच्या ऑफिसने तो मोडीत काढला होता. खासगी बसच्या टपावरून तांदळाच्या पोत्यांशेजारी बसून तो आला. चौघांनी मिळून उतरवला आणि वाचनालयाच्या मागच्या खोलीत ठेवला. चालू केला की भाताच्या गिरणीसारखा घोंघावायचा. पुढच्या बाजूला खणांसारखे तीन कप्पे, प्रत्येकात एक डिस्क, आणि वर छोट्या बत्त्या. बाईंच्या कॅसेटी ह्या मशिनीत भरून ठेवायच्या असं ठरलं, आणि मशीन जोडून द्यायचं काम माझ्याकडे आलं.

तसा सर्व्हर मी मुंबईत लांबून पाहिला होता. उघडला कधी नव्हता. पण हे मी कोणाला सांगतोय! रात्रभर एक जाडजूड पुस्तक चाळून दुसऱ्या दिवशी मी त्या तीन डिस्कांची रेड बांधली. रेड म्हणजे काय, हे बाईंनी विचारलं तेव्हा मला एक छान युक्ती सुचली.

“बाई,” मी म्हटलं, “समजा तीन बायको जात्यार बसल्यो आसत आणि एकच ओवी म्हणतत. तिघींनी ती अशी वाटून घेतल्यानी हा, की एक मधीच विसरली तर दोघी मिळान तिचो भाग भरून काढतत. ऐकणाऱ्याक कळणासुद्धा नाय.”

बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “आणि दोघी विसरल्या तर रे?”

“दोघी एकदम कित्याक विसरतीत, बाई?” मी हसलो. मला तेव्हा हा प्रश्न भाबडा वाटला होता.

त्या पावसाळ्यात बाईंनी एकेक कॅसेट स्वतः लावून मशिनीत उतरवली. साठ मिनिटांची कॅसेट उतरायला साठ मिनिटं. त्या समोर बसून पूर्ण ऐकायच्या. कॅसेटींना बुरशी आली होती. आमच्याकडे पावसात पायताणांना बुरशी येते, तिथे कॅसेटींची काय कथा. बाई कापूस घेऊन पट्टी पुसायच्या आणि पुन्हा लावायच्या. गणपतीच्या आधी सगळ्या कॅसेटी उतरून झाल्या. मी मशीन तपासलं, सगळं जागच्या जागी होतं. त्या वर्षी पितृपक्षात मासेवालीची मुलगी आली तेव्हा बाईंनी तिला वाचनालयात नेऊन मशिनीवर आई ऐकवली. आवाज कॅसेटपेक्षा स्वच्छ होता. ती पदराने डोळे पुसत माझ्याकडे बघून हसली, आणि मी मोठ्या माणसासारखी मान हलवली.

दोन गोष्टी त्याच महिन्यात झाल्या. दोन्ही मी थांबवू शकलो असतो. पहिली, बाईंनी विचारलं, “सीडीर पण घेवया काय रे? मनाक बरां वाटात.” साठ-सत्तर सीड्या लागल्या असत्या, आणि त्या करायला मला आठवडाभर तिथे बसावं लागलं असतं. मी म्हटलं, “काय गरज नाय. रेड आसा मां?”

दुसरी म्हणजे बाईंच्या दिरांचं भात लोंबीला आलं होतं आणि पोपटांनी उच्छाद मांडला होता. आमच्याकडे जुन्या कॅसेटची पट्टी शेतावरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधतात. उन्हात चमकते, वाऱ्यावर गुणगुणते आणि पाखरं बिचकतात. दीर वाचनालयात आले आणि म्हणाले, “वैनी, तुमका आता नको आसतीत तर ह्यो पट्टयो माका देवा. पोपट लोंबयेक दाणो ठेवनत नाय.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “देवया काय रे तेका?”

“देवा खुशाल,” मी म्हटलं. “आता ती नुसती बुरशी आसा.”

दसऱ्याला मी त्या बाजूने गेलो तेव्हा दिरांच्या शेतावर काळ्या पट्ट्या झळझळत होत्या. खरं सांगायचं तर मला ते बघून मजा वाटली. बाईक थांबवून मी जरा वेळ त्यांची गुणगुण ऐकली आणि पुढे गेलो.

दिवाळीनंतर बाईंचा फोन आला. “अरे, तां मशीन सकाळधरून वरडता. टिव टिव टिव. वाचूक बसलेली माणसां उठान गेली.”

मला कळलं की एक डिस्क गेली. तिघींतली एक विसरली. म्हणजे आता दोघींवरच सगळा भार होता, आणि नवी डिस्क ताबडतोब घालायला हवी होती. मी काय केलं? आवाज बंद करायचं बटण कुठे आहे ते बाईंना फोनवर सांगितलं. आवाज थांबला तशी माझी घाईही थांबली. मुंबईला डिस्क सांगायला मी पंधरा दिवस लावले, ती यायला अजून पंधरा लागले. दुकानात कामं होती हे खरं आहे, पण तेवढी नव्हती.

आणि मग आली गावपळण.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बाईंच्या गावात दर तीन वर्षांनी, ग्रामदैवताला कौल लावून दिवस ठरला की, सगळा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. खाडीच्या पलीकडे झापांच्या खोपी घालतात आणि तिथे रांधतात, गातात, झोपतात. गाव त्या दिवसांत देवाचा. चूल विझलेली, घरात दिवा नाही, विजेची मेन स्विचं खाली. देवळातला ढोल वाजला की मागे वळून बघायचं नाही. चौथ्या दिवशी देवाने कौल दिला की परत यायचं. मुंबईकरही रजा काढून ह्यासाठी येतात. म्हातारी माणसं म्हणतात की गावाला दम खायला तीन दिवस मिळतात. मी बाहेरच्या गावचा, आणि वरून मुंबई बघून आलेला, त्यामुळे मला ह्याचं थोडं हसू यायचं.

डिस्क माझ्या हातात पडली ती नेमकी गावपळणीच्या दिवशी सकाळी. मी बाईक काढून बाईंकडे पोचलो तेव्हा अंगणात बैलगाडी भरली जात होती. बाई म्हणाल्या, “आज नको रे. ढोल वाजलो की कोणी मागे रवाचो नाय. पळण झाली की ये.”

मला थांबता आलं असतं. पण मुंबई मंडळाचे लोक गावात आले होते. चार दिवसांनी ते वाचनालय बघायला येणार, आणि मशीन महिनाभर एका डिस्कवाचून कसं चाललंय असं मला विचारणार. ती लाज टाळायची होती. “धा मिन्टांचा काम आसा, बाई,” मी म्हटलं आणि किल्ली घेतली.

आता जे झालं ते अगदी साधं आहे. मशिनीच्या पडद्यावर लिहिलं होतं की एक नंबरची डिस्क खराब आहे. त्या खणांवरच्या बत्त्यांपैकी दोन आधीच मेलेल्या होत्या, त्यामुळे बघून कळायची सोय नव्हती. मी पहिला खण ओढून काढला. मशीन शून्यापासून मोजतं. एक नंबर म्हणजे दुसरा खण. मी चांगली डिस्क बाहेर काढली होती.

गिरणीचा आवाज एकदम उतरला. मी ती डिस्क तशीच परत ढकलली आणि दुसऱ्या खणातली खराब काढून तिथे नवी घातली. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न यायला लागले. बाहेर बाईंचे दीर बैलांना हाकारत होते, कोणीतरी “ढोलार माणूस चढलो” म्हणून ओरडलं. मी घामाने भिजलो होतो. एका प्रश्नाला हो म्हटलं, दुसऱ्याला हो म्हटलं, तिसऱ्यालाही हो म्हटलं. मग मशीन आकडे मोजायला लागलं. एक टक्का. दोन टक्के. एक हिरवी बत्ती शांतपणे लुकलुकत होती. ते नक्की काय करतंय हे मला कळत नव्हतं. पण मला कळत नाही हे कबूल करण्यापेक्षा ते काहीतरी चांगलंच करत असणार असं मानणं सोपं होतं.

बाई दारात आल्या. हातात कुलूप. “झाला?”

“झाला, बाई. आता तां तुमची गाणी परत बशयता. त्येका येळ लागतलो. मशीन बंद करू नकात.”

त्यांचा हात मेन स्विचकडे गेला होता, तो तिथेच थांबला. “चालू ठेवन जावचा? बत्ती पेटती रवतली मां रे?”

आणि मी, खाडीपलीकडून आलेला शहाणा, म्हणालो, “ती काय चुलीची बत्ती न्हय, बाई. मशिनीची आसा. देव काय मशिनीर रागावता?”

त्यांनी त्या हिरव्या बत्तीकडे पाहिलं आणि स्विचकडे गेलेला हात खाली घेतला. माझ्या बाई, ज्यांनी मला पाढे शिकवले, ज्यांचा शब्द मी शाळेत कधी ओलांडला नव्हता, त्या माझा शब्द मानायला तयार होत होत्या. “बरां,” त्या म्हणाल्या. “तू म्हणतंस तर.” त्यांनी कुलूप लावलं आणि ढोल वाजला.

ते तीन दिवस मी कसालला दुकानात बसून काढले. एरवी दिवसातून चार वेळा वीज जायची. त्या तीन दिवसांत एकदाही गेली नाही. चौथ्या दिवशी देवाने कौल दिला, गाव परतला आणि मी बाईंच्या आधी वाचनालयाच्या दारात जाऊन उभा राहिलो. मशिनीने काम पूर्ण केलं होतं. शंभर टक्के. तिन्ही डिस्का स्वच्छ, नव्याकोऱ्या, रिकाम्या.

पुढे कधीतरी मुंबईतल्या एका जाणकार मित्राने मला समजावलं. चुकीची डिस्क ओढली तेव्हाच मशीन बंद केलं असतं तर बरंचसं वाचलं असतं. अशा डिस्कांतून काढून देणारी माणसं मुंबईत असतात. माझ्या तीन होकारांनी मशिनीला सगळं पुसायला सांगितलं होतं, आणि ते पुसायला त्याला वीज आणि वेळ लागत होता. तो मी दिला. बाईंनी आपल्या रीतीने मेन स्विच खाली ओढलं असतं, तर त्यांच्या म्हाताऱ्या आज असत्या. मी ज्या रीतीला हसलो तीच त्यांना वाचवणार होती.

त्या सकाळी मला एवढंच कळत होतं की गाणी गेली. बाई आल्या. मी म्हणालो, “बाई, मशीन बिघडला. काय नाय ऱ्हवला.” कसं बिघडलं ते मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. पण त्या बाकावर बसल्या आणि पहिलं वाक्य त्यांनीच उच्चारलं, “बत्ती रवली रे. माझ्या हातसून बत्ती रवली.”

मी ते खोडून काढलं नाही. माझ्या तोंडापुढे आयतं वाक्य आलं होतं, आणि ते बाईंच्या नावावर होतं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. “बाई बत्ती पेटती ठेवन गेली. देव सोडता काय?” मुंबईकर मंडळाने मला काही विचारलंही नाही. उलट एकजण म्हणाला, “तू तरी काय करतलंस, देवापुढे?” मी मान खाली घातली. लोकांना तो माझा नम्रपणा वाटला असावा.

त्या आठवड्यात मी दिरांच्या शेतावर गेलो. भात केव्हाच कापून झालं होतं. कुंपणाच्या निवडुंगाला थोडी पट्टी अडकून राहिली होती, उन्हापावसाने पांढुरकी झालेली. सोडवून मी ती घरी आणली, पेन्सिलने एका रिकाम्या कॅसेटीत गुंडाळली आणि लावली. खरखर, खरखर, आणि मध्येच एकदा बाईंचा पूर्वीचा तरुण आवाज: “नाव सांग गो तुझा.” पुढे नाव नव्हतंच, परत खरखर. मी ती कॅसेट कोणाला ऐकवली नाही. दाखवायची म्हणजे ती कशासाठी शोधली तेही सांगावं लागलं असतं.

मग गाऱ्हाणं झालं. गावाने ठरवलं की बाईंनी देवापुढे नारळ ठेवून चूक कबूल करायची. बाईंनी एका शब्दाने वाद घातला नाही. नारळ आणि अगरबत्तीचं तबक धरायला त्यांनी कोणाला बोलवावं? मलाच. “तू तेव्हा सोबत होतंस,” त्या म्हणाल्या. मी तबक धरून उभा राहिलो आणि मानकऱ्याने खड्या आवाजात सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले.

“तुझ्या ह्या लेकराच्या हातसून पळणीच्या येळाक बत्ती पेटती रवली, ती चूक झाली रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ती चूक पोटात घाल, आणि हिची काय इडापिडा आसात ती दूर कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

ह्या तिन्ही वेळा मीसुद्धा म्हणालो. नुसते ओठ हलवले असते तरी कोणाला कळलं नसतं, पण मी मोठ्याने म्हणालो. बाई शेजारी हात जोडून उभ्या होत्या आणि मी, ज्याने चूक केली तो, चूक त्यांची असल्याची देवापुढे ग्वाही देत होतो. घरी येऊन मी जेवलो नाही, एवढंच काय ते माझं प्रायश्चित्त.

पुढच्या पितृपक्षात मी वाचनालयातला दुसरा कॉम्प्युटर दुरुस्त करत बसलो होतो. मासेवालीची मुलगी आली. म्हाळ आटोपून, केसांत अबोलीचा वळेसर माळून, नेहमीसारखी. तिच्या कानावर आलं होतं की काहीतरी झालंय, पण सगळंच गेलंय हे तिला ठाऊक नव्हतं. “बाई, आवशीक जरा लावा,” ती म्हणाली.

बाई उठून तिच्याजवळ गेल्या आणि तिचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, “गो, माझ्या हातसून चूक झाली. पळणीत बत्ती रवली. तुझी आवस माझ्याकडना गेली गो.”

 ती पोर बंद मशिनीपुढच्या बाकावर, जिथे बसून गेल्या वर्षी आई ऐकली होती तिथेच, बसली. काहीच लावलेलं नव्हतं तरी थोडा वेळ तशीच बसून राहिली. शेवटी बाईंनाच म्हणाली, “जांवदे, बाई. तुमी काय मुद्दाम केलास?” मी हातातला स्क्रू फिरवत होतो. तो केव्हाच घट्ट बसला होता. खाई त्याला खवखवे म्हणतात. मी तो स्क्रू सैल करून पुन्हा आवळला.

त्यानंतर बाईंनी टेपरेकॉर्डर काढलाच नाही. कुठे पडवीत जाऊन बसल्या नाहीत. वाचनालयातून घरी जाताना मेन स्विच खाली करायच्या, दार ओढायच्या, पुन्हा उघडून बघायच्या. पोरंटोरं चिडवायची, “बाई, बत्ती बघितलात मां?” त्या हसायच्या आणि खरोखरच परत जाऊन बघायच्या.

तीन वर्षांनी पुन्हा गावपळण आली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाडीकाठी बाईंच्या खोपीवर गेलो. दीर मासे पकडायचा पाग घेऊन पाण्यात उतरले होते. बाई एकट्याच सुपात तांदूळ निवडत होत्या. त्या खूप थकल्या होत्या. मी समोर बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. खण, नंबर, तीन होकार, कसालमधले तीन दिवस, मित्राने सांगितलेलं, गाऱ्हाण्यात मी म्हटलेलं ‘व्हय म्हाराजा’. “बत्ती तुमच्या हातसून रवाक नाय, बाई. मी ठेवक लावलंय. आणि गाणी माझ्या हातान गेली.”

त्यांची बोटं तांदळात थांबली. त्या ओरडतील, कान पिळतील असं मला वाटलं होतं. वाटलं कसलं, तशी आशाच होती. त्यांनी फक्त विचारलं, “म्हणजे देव माझ्यार रागावलो नव्हतो?”

“नाय, बाई.”

“तीन वर्सां मी देवळात मान वर करून बघूक नाय रे,” त्या म्हणाल्या.

आजवर मला कोणी ह्याहून वाईट काही बोललेलं नाही. त्या पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. दोन खडे काढून बाजूला टाकले. मी उठायला लागलो तेव्हा म्हणाल्या, “माका सांगलंस, बरां केलंस. पण माझी नुसती गाणी गेली. आवस तिची गेली. तिका सांग.”

“सांगतंय,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालवणच्या बाजारात गेलो. ती आईच्या जागेवर बसली होती, पुढे बांगड्यांचे वाटे. गिऱ्हाइकं होती म्हणून मी थोडा लांब उभा राहिलो. गिऱ्हाइकं गेली. मी पुढे झालो आणि तोंड उघडलं.

“तू बाईंचो शिकवलेलो मां रे?” तीच आधी म्हणाली. “वळाखलंय मी तुका. मशीनवालो.” तिने एक वाटा उचलून माझ्यापुढे धरला, मग थांबली, टोपलीतून अजून दोन बांगडे काढून त्यात टाकले. “ह्ये माझ्याकडना. तू माझी आवस मशिनीत घातलं होतंस. इतक्या बरां ऐकाक येय होता. बत्ती बाईची रवली, तुझो काय दोष?”

मी पिशवी पुढे केली.